धैर्यवानांचं शेपूट

रविवारी दुपारी जेवताना चिंबोरीचा एक पाय हाताला लागला आणि मनमोहन धैर्यवानचा घास अर्ध्यावर थांबला. बाकीचे पाय चांगले जाड, लालभडक, दाताखाली कडकन वाजणारे होते. हा एकच काडीएवढा, फिकट, नुकतंच बाळसं धरू लागलेला. मनमोहननं तो चिमटीत धरून खिडकीच्या उजेडाकडे केला. समोर त्याचा मेहुणा शरदचंद्र जेवत होता. शरदचंद्र कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मुलांकडून बेडूक फाडून घ्यायचा, आणि त्यामुळे जिवंत-मेलेल्या कुठल्याही प्राण्याबद्दल न विचारता माहिती देण्याचा आपल्याला हक्क आहे असं समजायचा. ताटातून मान वर न करता तो म्हणाला की तो नवा पाय आहे. चिंबोरीचा पाय तुटला की तिथं दुसरा फुटतो, दर वेळी कात टाकली की थोडा वाढतो आणि शेवटी पहिल्यासारखा होतो. एवढं सांगून त्यानं आणखी रस्सा मागितला. उर्मिलाच्या हातातली पळी मात्र भांड्यातच राहिली. तिनं भावाकडे डोळे वटारून पाहिलं, नवऱ्याकडे पाहायचं टाळलं, आणि खाली ठाकूरद्वारच्या नाक्यावर चाललेल्या घोषणांकडे तिचं एकाएकी फार लक्ष गेलं. आपण काय बोललो ते शरदचंद्रला तेव्हा कळलं आणि त्याला ठसका लागला. टेबलाखाली मनमोहनचा डावा पाय बुटासकट सरळ पुढे पसरलेला होता. तो गुडघ्याखाली लाकडाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या पाटावर बसून जेवलेल्या धैर्यवानांच्या घरात टेबल आलं ते त्याच्याचपायी.

मनमोहननं तो कोवळा पाय ताटाच्या कडेला ठेवला. खाल्ला नाही. त्या घरात आजवर चिंबोरीचा पाय कोणी ताटात टाकला नव्हता. त्याला राग आला नव्हता आणि वाईटही वाटलं नव्हतं. त्याला चिंबोरीचा हेवा वाटला होता, तोही तिला खाता खाता, आणि हे त्याचं त्यालाच इतकं चमत्कारिक वाटलं की त्याला हसू आलं. राणीच्या राज्यापासून फोर्टातल्या कचेऱ्यांत मान खाली घालून कारकुनी केलेलं, गिरगावात एके काळी दोन वाड्या बाळगून असलेलं पाठारे प्रभूंचं घराणं. आणि त्यातला आजचा कर्ता पुरुष एका चिंबोरीला मनातल्या मनात म्हणत होता की बाई, तुझं बरं आहे. दुपारी तो आडवा झाला तरी ते डोक्यातून जाईना. आपल्याला काही पाय फुटायचा नाही, हे त्याला समजत होतं. पण समुद्रातली जनावरं काय नुसत्या पायांवर अडून बसलेली असतात? त्यांना शेपट्या असतात, पंख असतात, वल्ही असतात. जमिनीवर चालायला त्याच्याकडे लाकडाचा पाय होता आणि तो ठीक चालत होता. त्याला हवा होता पाण्यातला पाय. हा विचार सुचला तेव्हा तो पलंगावर उठून बसला.

पाय गेला तो संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीत, असं अख्खं गिरगाव समजत होतं, आणि त्यात गिरगावचा दोष नव्हता. दिवस तेच होते. रस्त्यात अश्रुधूर, रात्रंदिवस कर्फ्यू. एका सकाळी कर्फ्यू थोडा वेळ उठला तशी माणसं औषधं आणायला, नातेवाइकांची चौकशी करायला धावली, आणि मनमोहन धावला मासळीबाजारात. चार दिवस घरात वरणभात चालला होता आणि त्याला जीव नकोसा झाला होता. तिथं कोळणीच्या पाटीतून घसरलेल्या एका शिंगाळ्यावर त्याचा पाय पडला. शिंगाळ्याचा काटा चपलेतून आरपार टाचेत गेला. पुन्हा कर्फ्यू लागला, डॉक्टर येईना, हळदीवर आणि पोटिसावर दिवस काढले, रक्तात साखर होतीच. आणि शेवटी इस्पितळात नेला तेव्हा पाय काढण्यावाचून इलाज उरला नव्हता. वॉर्डात आजूबाजूला सगळे गोळी लागलेले. त्यांना भेटायला येणारी माणसं हार आणायची, त्यातला एकेक मनमोहनच्याही गळ्यात पडायचा. तो प्रामाणिकपणे सांगायचा की अहो, मला शिंगाळ्याचा काटा लागला. त्यावर लोक हात जोडायचे आणि बाहेर जाऊन एकमेकांना म्हणायचे की काय हा विनय, आणि आडनाव तरी कसं शोभतं पाहा. पुढे नाक्यावरच्या समितीच्या मंडळींनी त्याला व्यासपीठावर बसवायचं ठरवलं तेव्हाही त्यानं शिंगाळ्याचंच सांगितलं. दर वेळी तो खरं बोले आणि दर वेळी ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. शेवटी त्यानं सांगायचं सोडून दिलं.

घरात मात्र या बाबतीत वेगळीच भाषा तयार झाली होती. 'पाय' म्हणजे लाकडाचा. पाय दाराआड ठेवलाय, ठेच लागेल. पायाला पॉलिश करायचं राहिलं. पावसाचं दिसतंय, पायाला मेणकापड गुंडाळा. उर्मिला हे सगळं अगदी सहज बोलायची, जशी छत्रीबद्दल बोलायची तशी. पण गुडघ्याखाली जे खरोखरचं उरलं होतं, वीतभर, निमुळतं, टोकाशी मोदकासारखं मुरडलेलं, त्याला घरात नाव नव्हतं. त्याचा विषय निघत नसे आणि ते कोणाला दिसतही नसे. मनमोहन न्हाणीघराची कडी दोनदा तपासायचा. रात्री दिवा मालवल्यावर चादरीखाली पट्टे सोडायचा आणि सकाळी उर्मिला उठायच्या आत चादरीखालीच चढवायचा. तीन वर्षांत बायकोनं ते पाहिलं नव्हतं. तिनं पाहायला मागितलंही नव्हतं, आणि याचा अर्थ मनमोहननं आपल्या सोयीनं लावला होता, म्हणजे स्वतःला जास्तीत जास्त दुःख होईल असा.

याच्या मुळाशी एक गोष्ट होती आणि ती सांगायची म्हणजे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत एकदा त्यानं उर्मिलाला तिच्या वहिनीशी, कालिंदीशी, बोलताना चोरून ऐकलं होतं. कालिंदीनं विचारलं, काय गं, आवडला का नवरा? आणि उर्मिला म्हणाली होती, पोटऱ्या छान आहेत. पुढे दोघी खिदळल्या. मनमोहन तेव्हा जिन्यात उभा होता. त्याला बी.ए. जमलं नव्हतं, कचेरीत बढती मिळाली नव्हती, गाता येत नव्हतं, आणि नाकाबद्दल न बोललेलं बरं. पण पोटऱ्या छान होत्या. चौपाटीला रोज सकाळी पोहून पोहून कमावलेल्या होत्या. ते एक वाक्य त्यानं वीस वर्षं जपून वापरलं. पोहून बाहेर आला की तो वाळूत बसलेल्या उर्मिलाकडे सरळ न येता थोडा वळसा घेऊन यायचा, म्हणजे पोटऱ्या बाजूनं दिसाव्यात. आता त्यातली एक इस्पितळात राहिली होती आणि उरलेली एकटीच वळसा घेऊ शकत नव्हती. समुद्रात शिरायचं तर वाळूवर पाय उतरवावा लागणार. ज्या बाईला आपल्यातलं जे आवडलं होतं तेच नेमकं नाही, हे तिला लख्ख उजेडात दाखवावं लागणार. म्हणून तो गेला नव्हता. संध्याकाळी दोघं चौपाटीला जात, तो कठड्याशी उभा राहून भेळ खाई आणि पाण्याकडे पाठ करी. पाण्याचा आवाज मात्र पाठीला ऐकू यायचा, आणि तेव्हा भेळेची चव जायची.

तर पाण्यातला पाय. तो असा हवा की वर टॉवेल घेऊन चटकन चढवता आला पाहिजे, आणि एकदा चढला की खालचं कोणाला दिसता कामा नये. कचेरीत दुपारच्या सुस्तीत मनमोहन टीपकागदावर समुद्रातली जनावरं काढू लागला. आता गंमत अशी की या माणसानं आयुष्यभर समुद्रात डुंबून आणि समुद्रातलं खाऊन काढलं, पण त्याची जनावरांशी ओळख होती ती सगळी स्वयंपाकघरातून. बोंबलाचा विचार त्यानं लगेच सोडला. बोंबलात जीवच नाही, भुजण्यात विरघळतो. कोळंबीचं शेपूट पंख्यासारखं उघडतं, पण ते आत वळतं. माकूल चिवट असतो हे खरं, पण तो फार शिजवला तर. पाकटाचा पंख रुंद, पण त्याला हिंगाचा वास लागतो. रात्री जेवताना तो उर्मिलाला एकेक उमेदवार सांगायचा आणि ती गंभीरपणे त्याची चव आठवून होय-नाही करायची. शेवटी दोघांचं पापलेटावर एकमत झालं. पापलेटाचं शेपूट चांगलं दुभंगलेलं, रुंद आणि ताठ. दुसऱ्या दिवशी उर्मिलानं आयुष्यात पहिल्यांदाच कोळणीला शेपटी कापू नको म्हणून सांगितलं. कोळीण म्हणाली, "शेपटी काय करशील बाय? पोरांना खेळायला देतीस?" उर्मिला म्हणाली की यांना हवीय. तो पापलेट अख्खा तळून ताटात आडवा आला, आणि खायच्या आधी मनमोहननं त्याच्या शेपटावर पातळ कागद ठेवून बाजूनं पेन्सिल फिरवली. तेलानं कागद पारदर्शक झाला ते बरंच झालं. मग त्यानं ते चौपट मोठं करून काढलं, ताटात दिसलं होतं तसंच, पाण्यावर पसरलेलं, आडवं.

लालबागला आनंदा नावाचा एक कारागीर गणपतीपुढचे देखावे करायचा. हलणारे राक्षस, पापणी मिटणारा नंदी, असलं सगळं त्याच्याकडे व्हायचं. कचेरीतल्या कोणी तरी पत्ता दिला. मनमोहन तिथं गेला तेव्हा आनंदा एका हिरण्यकश्यपूच्या पोटात डोकं घालून बसला होता. त्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मत्स्यावतार कुठल्या मंडळाचा?" मनमोहननं पँटचा पाय थोडा वर करून लाकूड दाखवलं. तेवढं तो दाखवू शकत होता, लाकडाची त्याला लाज नव्हती. आनंदानं लाकडावर टकटक केलं, सागाचं आहे म्हणून पसंती दिली, आणि म्हणाला की वेताचा सांगाडा करू, लॉरीच्या टायरची टूब वर चढवू, वर गुडघ्याशी चामड्याचा नळा आणि त्याला बुटासारखी दोरी. "शेपूट उभं बांधा, आडवं बांधा, तुमची मर्जी. नळा फिरवला की झालं. पन सायेब, रंगाचं माझ्यावर सोडा." मनमोहननं रंग नको म्हणून निक्षून सांगितलं. वस्तू हातात आली तेव्हा तिच्यावर चंदेरी खवले होते, प्रत्येक खवल्याला निळी कड, आणि शेपटाच्या दोन्ही टोकांना सोनेरी बेगड. आनंदाचं म्हणणं पडलं की देवाधर्माच्या कामात तो हातचं राखत नाही. देवाधर्माचा यात काय संबंध, हे विचारायचं मनमोहनला धाडस झालं नाही.

घरी ते शेपूट पलंगावर ठेवून तिघं त्याच्याभोवती उभे राहिले. उर्मिलाला ते फार आवडलं. शरदचंद्रनं मात्र ते पाहिल्या पाहिल्या कपाळाला हात लावला. भावोजी, हे आडवं कसं, असं त्यानं विचारलं. मनमोहन म्हणाला, मग कसं? मासा असाच असतो. शरदचंद्रनं विचारलं की कुठे पाहिलात? मनमोहननं तोंड उघडलं आणि त्याच्या लक्षात आलं की आपण मासा पाहिला तो पाटीत, परातीत, तव्यावर आणि ताटात. सगळीकडे तो कुशीवरच होता. चौपाटीचं पाणी म्हणजे गढूळ. त्यात स्वतःचा हात दिसायचा नाही तिथं मासा काय दिसणार? त्याच संध्याकाळी शरदचंद्र त्याला मत्स्यालयात घेऊन गेला. हिरवट उजेडातल्या काचेमागे एक चपटा, ताटाएवढा मासा समोरून सरळ मनमोहनच्या अंगावर आला, आणि समोरून पाहिला तर तो जवळजवळ नव्हताच, नुसती एक उभी रेघ आणि दोन डोळे. मासे उभे होते. सगळे झाडून उभे होते, आणि शेपट्या डावीकडून उजवीकडे हलवत निवांत चालले होते. मनमोहन काचेला नाक लावून किती तरी वेळ पाहत राहिला. जन्मभर जेवलो, त्याला वाटलं, आणि ज्याला जेवलो त्याला कधी ओळखलं नाही. त्याला त्या माशांसमोर शरमल्यासारखं झालं. शेजारी एक आजोबा नातीला मासे दाखवत होते. त्यांनी कोणता मासा कशात घालायचा ते सांगायला सुरुवात केली तसा मनमोहन तिथून निघाला. शेपूट उभं बांधायचं हे ठरलं. शास्त्रच तसं होतं.

थंडीचे दिवस होते, समुद्र शांत होता, आणि भरतीची वेळ पाहून रविवारची पहाट नक्की झाली. त्या वेळी चौपाटीवर चिटपाखरू नसतं असा मनमोहनचा जुना अनुभव. ओल्या वाळूपर्यंत चालत जाऊन तो पाण्याच्या कडेला बसला. उर्मिलाला आणि बरोबर आलेल्या शरदचंद्रला त्यानं तोंड फिरवायला लावलं. मोठ्या टॉवेलाखाली त्यानं पट्टे सोडले, पाय उपसला, चामड्याचा नळा चढवला, शेपूट उभं राहील असं पाहून दोरी करकचून आवळली आणि पाय बुटासकट टॉवेलात गुंडाळून उर्मिलाच्या मांडीवर दिला. काही झालं तरी हा खाली ठेवायचा नाही, भरती चढतेय, असं तिला तीनतीनदा बजावलं. मग तो बसल्या बसल्या मागं सरकत पाण्यात गेला. पहिली लाट छातीवर आली आणि त्याचा श्वास अडकला. थंडीनं नाही. तीच चव, तीच खारी झोंब नाकात, तोच पोटातला हलकेपणा. सगळं होतं तिथंच होतं, जणू कोणी जागा धरून ठेवली होती. त्याला रडू आलं. समुद्रात रडण्याची एक सोय असते, ती त्यानं मनसोक्त वापरली. मग त्यानं दोन्ही हात पुढे टाकले आणि पाय मारला.

तो गोल फिरला. त्यानं पुन्हा पाय मारला. पाय जायचा खाली-वर, जसा माणसाचा जातो, आणि उभं शेपूट पाणी सुरीसारखं कापत खाली-वर जायचं. पुढे काही सरकायचं नाही. शरदचंद्र पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभा होता. कमरेतून, भावोजी, कमरेतून, माशासारखं डावं-उजवं, असं तो ओरडत होता. त्याला स्वतःला पोहता येत नव्हतं, त्यामुळे त्याच्या सूचना अतिशय स्पष्ट होत्या. मनमोहननं कमरेतून मारला. आता तो भराभर फिरू लागला, एकाच जागी, आधी मलबार हिल दिसायची, मग क्षितिज, मग चर्नी रोड, मग शरदचंद्र, आणि परत मलबार हिल. अशा तिसऱ्या-चौथ्या फेरीला चर्नी रोडच्या बाजूला काही तरी हललं. पुढच्या फेरीला ते झेंडे आहेत हे दिसलं. मग हलगी ऐकू आली. प्रभातफेरी होती. गिरगावातून, लालबागेतून, कुठून कुठून माणसं चौपाटीवर सभेसाठी येत होती, आणि पेपरात ही बातमी दोन दिवस छापून येत होती. पण पेपर शरदचंद्र घेऊन गेला होता. आता बाहेर निघायचं तर एवढ्या गावासमोर शेपूट ओढत निघायचं, नाही तर शेपूट काढून, म्हणजे त्याहून वाईट. आणि त्या घाबरगुंडीतच त्याला स्वच्छ कळलं की ताटातला मासा बरोबर होता. माशाची कंबर डावी-उजवी हलते म्हणून त्याचं शेपूट उभं. माझा गुडघा खाली-वर हलतो. मला आडवंच पाहिजे. तो एका पायावर छातीभर पाण्यात उभा राहिला आणि दोरी सोडायला वाकला; तर दोरी भिजून दगडासारखी झालेली, बोटं बधिर, वाकलं की नाकातोंडात पाणी, आणि शेपूट आपल्या मनानं त्याला फिरवतंय.

उर्मिला चौपाटीवर जन्मभर आली, पण घोट्यावर पाणी तिनं कधी चढू दिलं नव्हतं. पाण्याची तिला भीती होती. नवरा गरगर फिरताना पाहून तिनं पातळ वर खोचलं आणि ती सरळ आत चालत निघाली, टॉवेल वाळूवर टाकून, पाय काखोटीला मारून. गुडघा, मांडी, कंबर. एक लाट आली तेव्हा तिनं पाय डोक्यावर धरला आणि ती डोळे मिटून थांबली, लाट गेल्यावर पुन्हा चालू लागली. मनमोहन हातानं नको नको करत होता. ती त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा पाणी तिच्या छातीशी होतं.

"काय झालं?"

"उभं बांधलं. आडवं पाहिजे."

"ताटातल्यासारखं?"

"हो."

"हे धरा," ती म्हणाली आणि तिनं लाकडाचा पाय त्याच्या हातात दिला.

तो पाय डोक्यावर धरून मनमोहन उभा राहिला आणि उर्मिलानं दोन्ही हात पाण्याखाली घातले. सराईत हात होते, पापडाच्या डब्याची, लोणच्याच्या बरणीची, कसलीही गाठ सोडवलेले. दोरी सैल झाली. चामड्याचा नळा निसटला आणि तिचा तळवा त्या नाव नसलेल्या वस्तूवर पडला. मनमोहनला ओरडावंसं वाटलं. पळावंसं वाटलं, पण पळायला जो लागतो तो हातात होता. तिनं हात काढला नाही. टोकाशी जिथं कातडी मुरडलेली होती तिथं तिची बोटं थांबली, मग तिनं ते सगळंच मुठीत घेतलं.

"पाय किती गार पडलाय," ती म्हणाली.

मनमोहननं हातातल्या पायाकडे पाहिलं. तो कोरडा होता, बूटसुद्धा भिजला नव्हता. त्यानं तसं तिला सांगितलं.

"तो नाही हो," उर्मिला म्हणाली. "हा."

एवढी वर्षं चादरीखाली लपवलेलं एका शब्दानं सरळ झालं, आणि त्याला आपण किती मूर्ख आहोत हे इतकं जाणवलं की त्यानं मूर्खासारखंच सांगून टाकलं, की पोटरी राहिली नाही, तुला आवडायची ती. उर्मिलानं पाण्यातून मान वर केली. कसली पोटरी, असं तिनं विचारलं. तो कालिंदीचं बोलणं सांगू लागला, जिना, खिदळणं, सगळं. तिला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. कालिंदीला काही तरी सांगायचं म्हणून सांगितलं असेल, असं ती म्हणाली. वीस वर्षांचा वळसा असा पाण्यात गेला. मग ती खाली पाहत, हात न काढता, म्हणाली, "मला किळस येईल असं वाटलं तुम्हांला. याचाच राग होता माझा. विचारणार होते, पण मग म्हटलं, नाही विचारत जा." मनमोहनला तिला जवळ घ्यायचं होतं, पण एका हातात पाय होता आणि दुसऱ्यानं तो तिच्या खांद्याला धरून उभा होता. तो नुसता चुकलं म्हणाला. तिनं नाक ओढलं, नळा पाव वळसा फिरवला, शेपूट आडवं आलं का ते हातानं चाचपलं आणि दोरी बांधली. मग पाय त्याच्याकडून परत घेतला.

"जा आता," ती म्हणाली. "मी इथंच आहे. लांब जाऊ नका."

त्यानं पाय मारला आणि तो गेला. इतका सरळ आणि इतक्या जोरात गेला की पहिल्या झटक्याला त्याच्या तोंडात पाणी गेलं. शेपूट खाली दाबलं की अंग वर उचललं जायचं, वर घेतलं की पुढे ढकललं जायचं. दोन पाय होते तेव्हाही त्याला असं कधी जमलं नव्हतं. मागे शरदचंद्र ओरडत होता की हे शास्त्राला धरून नाही, आणि थोड्या वेळानं, की देवमाशाचं असंच असतं, पण देवमासा हा मासाच नव्हे. मनमोहनच्या मनात आलं की असंच जावं, गर्दी संपेपर्यंत लांब राहावं, पलीकडे मलबार हिलच्या खडकांशी निघावं, तिथं कोणी नसतं. तसा तो वळलाही. वळताना त्यानं एकदा मागे पाहिलं. समुद्रातून त्यानं उर्मिलाला कधीच पाहिलं नव्हतं. पोहताना त्याचं लक्ष पोटऱ्यांकडे असायचं. ती छातीभर पाण्यात एकटी उभी होती. भरती चढत होती म्हणून तिनं लाकडाचा पाय दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरला होता, पॉलिश केलेल्या बुटासकट, आणि उन्हाचा पहिला तुकडा त्या बुटावर पडला होता. तिच्या मागे वाळूवर सगळी प्रभातफेरी थांबली होती. झेंडे, हलगीवाले, टोपीवाले, मिलमधल्या बायका, सगळे पाण्यातल्या त्या पायाकडे पाहत होते. हे काय आहे ते कोणालाच कळत नव्हतं, पण काही तरी मोठं आहे अशी सगळ्यांची खात्री पटली असावी, कारण पुढच्या एकानं मूठ वर केली आणि गर्दीतून आवाज उठला, झालाच पाहिजे.

मनमोहनला हसू फुटलं. पाण्यात हसू नये, बुडायला होतं, पण त्याला आवरेना. तीन वर्षं जो पाय काळोखात उतरवला तो आता उतरवलेला अख्ख्या गिरगावानं पाहिला होता, आणि उर्मिला त्या गर्दीकडे पाठ करून फक्त त्याच्याकडे पाहत होती. लाटेनं ती डुचमळली, सावरली. पाय तिनं खाली येऊ दिला नाही.

"हात भरून आलेत माझे," तिनं हाक मारून सांगितलं. "या आता."

मनमोहननं शेपूट एकदा आपटलं आणि तो सरळ गर्दीच्या रोखानं पोहत निघाला.